बिनक्लचची जुनी मोटार : निवड आणि पारख

हुगळी नदीच्या पूर्व तीरावर, कोलकात्याच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर बजबज हे औद्योगिक गाव वसले आहे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ या जहाजातील उतारूंवर येथे गोळीबार झाला आणि स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे नोंदले गेले. तागाच्या गिरण्या, खनिज तेलाची कोठारे आणि औष्णिक वीजकेंद्र ही या परिसराची आजची ओळख होय. सियालदहपर्यंत लोकलगाडी धावते आणि बहुसंख्य नोकरदार तिनेच शहर गाठतात. अशा गावात बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला मोटारीची गरज का भासावी, आणि भासलीच तर ती बिनक्लचची, म्हणजे स्वयंचलित गिअरचीच का हवी, असा प्रश्न प्रथम मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर चैनीत नाही. शेवटची लोकल निघून गेल्यावर वृद्ध आईला दम लागतो. डाव्या पायाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला क्लच दाबता येत नाही. गुडघेदुखीने त्रस्त झालेली, पन्नाशीत प्रथमच वाहन चालवायला शिकणारी गृहिणी गिअर आणि क्लच यांचा मेळ घालताना धास्तावते. या तिन्ही प्रसंगी डाव्या पायाला काम न देणारी मोटार हे सोयीपेक्षा अधिक काही असते. परंतु नवी स्वयंचलित मोटार अशा कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून वापरलेल्या मोटारीकडे वळावे लागते. आणि जुन्या स्वयंचलित मोटारीची निवड चुकली, तर बचतीचा सारा पैसा एका दुरुस्तीत संपण्याचा धोका असतो. हा धोका कसा टाळावा, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

गरज आधी, मोटार नंतर

मोटार पाहण्यास जाण्यापूर्वी खरेदीदाराने कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात : मोटार वर्षाकाठी किती किलोमीटर धावेल, ती कोणत्या रस्त्यांवर धावेल, आणि ती बंद पडल्यास घरावर कोणता प्रसंग ओढवेल.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. घरातील कर्ते गृहस्थ गिरणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचा डावा पाय अधू आहे. मोटारीचा उपयोग मुख्यत्वे पत्नीला तपासणीसाठी कोलकात्याच्या रुग्णालयात नेण्यासाठी आणि अडीअडचणीच्या वेळी होणार आहे. रोजच्या जाण्यायेण्यासाठी लोकल आहेच. अशी मोटार वर्षाला फार तर ४,००० किलोमीटर धावेल. तिच्याजवळ एकच गुण अवश्य असावा लागेल : रात्री दोन वाजता किल्ली फिरवली की ती सुरू झाली पाहिजे. तिचा वेग, तिचा रंग, पडद्यावर दिसणारा नकाशा, या गोष्टी दुय्यम होत.

याउलट दुसऱ्या घरातील तरुण मुलगी रोज बजबजहून तारातलापर्यंत कामावर जाते असे समजा. तिची मोटार वर्षाला १५,००० किलोमीटर धावेल आणि त्यातील बराच वेळ टँकर व मालमोटारींच्या रांगेत कासवगतीने जाईल. बाटानगर ते जिंजिरा बाजार हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल जानेवारी २०१९ मध्ये खुला झाल्यापासून या मार्गावरील खोळंबा कमी झाला असला, तरी पुलाच्या दोन्ही टोकांना गर्दी असतेच. या दोन घरांचे अंदाजपत्रक एकच असले, तरी दोघांना योग्य ठरणारी मोटार एक नसते. ती वेगळी का, हे समजण्यासाठी स्वयंचलित गिअरची रचना जाणून घेतली पाहिजे.

चार प्रकारच्या रचना

विक्रेता ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढेच सांगतो. पण हे एक नाव चार भिन्न यंत्ररचनांना दिले जाते. प्रत्येकीचे गुण आणि दुखणी निराळी आहेत.

पहिली रचना टॉर्क कन्व्हर्टरची. एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. त्याच तत्त्वावर एंजिनाकडील पाती तेलाला गती देतात आणि ते तेल गिअरपेटीकडील पाती फिरवते. दोन धातूंचा थेट संबंध येत नसल्याने मोटार धक्का न बसता चालू लागते. द्रवाच्या माध्यमातून शक्ती नेणारी स्वयंचलित गिअरपेटी अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबाईल मोटारींत प्रथम मोठ्या प्रमाणावर बसवली. आजची रचना तिच्याच वंशातील आहे. भारतात ह्युंदाई आय-१० च्या १.२ लिटर एंजिनाच्या काही मोटारी, मारुती रिट्झ आणि होंडा ब्रिओ यांच्या स्वयंचलित मोटारी या प्रकारच्या होत्या. ही रचना पेट्रोल काहीसे अधिक पिते. परंतु तेल वेळेवर बदलले तर ती दीर्घकाळ तक्रार करीत नाही.

दुसरी रचना सीव्हीटी या नावाने ओळखली जाते. तिच्यात ठरावीक गिअर नसतातच. दोन शंक्वाकार कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो; कप्प्यांच्या बाजू जवळ किंवा दूर सरकल्या की पट्ट्याचा व्यास बदलतो आणि वेगाचे प्रमाण अखंडपणे बदलत जाते. हॉलंडमधील डाफ या कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची अशी मोटार लोकांपुढे मांडली. आजच्या मोटारींत तो पट्टा पोलादी असतो. २०१५ मधील होंडा जॅझ आणि मारुती बलेनो यांच्या काही मोटारींत ही रचना होती. ती अतिशय सुखद चालते. तथापि तिला तिच्यासाठी नेमलेलेच तेल लागते. भलतेच तेल घातले किंवा ते बदललेच नाही, तर पट्टा घसरू लागतो, आणि मग बहुधा संपूर्ण पेटीच बदलावी लागते.

तिसरी रचना एएमटी. वास्तविक ही साधीच हातगिअरची पेटी असते, साधाच क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा करते. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ या मोटारीतून ती भारतातील सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली, आणि त्यानंतर अल्टो के-१०, वॅगन आर, टाटा नॅनो, रेनो क्विड अशा स्वस्त मोटारींतही आली. कमी पैशात मिळणाऱ्या जुन्या स्वयंचलित मोटारींत आज हिचेच प्रमाण मोठे आहे. ती पेट्रोल कमी पिते. परंतु तिच्यात क्लच आहे आणि तो झिजतो, ही गोष्ट अनेक खरेदीदार विसरतात. गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकताना किंवा चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या जोरावर मोटार उभी धरताना तो विशेष झिजतो. क्लच बदलणे अनुभवी मिस्त्रीस जमते. क्लच आणि गिअर हलविणारी यंत्रणा बिघडली तर मात्र खर्च मोठा येतो.

चौथी रचना दोन क्लचांची. विषम गिअरांसाठी एक आणि सम गिअरांसाठी दुसरा क्लच असल्याने गिअर क्षणार्धात बदलतो. मोटार चपळ चालते. पण यातील काही रचनांत क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे असतात, आणि उष्ण हवेत, खोळंबलेल्या वाहतुकीत ते तापतात. फोक्सवॅगन कंपनीला मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये या प्रकारच्या गिअरपेटीतील दोषामुळे सुमारे ३,८४,००० मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या. सर्वच मोटारी सदोष असतात असे नाही. पण हात आखडता असणाऱ्या खरेदीदाराने या प्रकाराच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे ठरते.

वापर आणि खर्च यांचा मेळ

आता आपल्या दोन घरांकडे परत वळू. समजा, टॉर्क कन्व्हर्टरची जुनी मोटार लिटरला १२ किलोमीटर आणि एएमटीची मोटार १६ किलोमीटर धावते, आणि पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये आहे. निवृत्त गृहस्थांच्या ४,००० किलोमीटरांस पहिल्या मोटारीला सुमारे ३३३ लिटर, तर दुसरीला २५० लिटर पेट्रोल लागेल. फरक सुमारे ८३ लिटरांचा, म्हणजे वर्षाला ८,७०० रुपयांच्या आसपास. नोकरदार मुलीच्या १५,००० किलोमीटरांस हाच फरक सुमारे ३१२ लिटरांचा, म्हणजे जवळजवळ ३३,००० रुपयांचा होईल.

यावरून निष्कर्ष सहज निघतो. ज्या घरी मोटार थोडी धावते पण अडल्या वेळी हमखास चालली पाहिजे, त्या घराने पेट्रोलचा किरकोळ जादा खर्च सोसून टॉर्क कन्व्हर्टरची, निगा राखलेली मोटार घ्यावी. जेथे रोजचा प्रवास लांबचा आहे, तेथे एएमटीचा विचार करण्यास हरकत नाही; मात्र नव्या क्लचचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. ‘जास्त मायलेज देते ती चांगली’ हा सरसकट नियम दोघांपैकी एकाचे नुकसान करतो.

दुरुस्तीच्या सोयीचाही येथे विचार केला पाहिजे. हुगळीच्याच पश्चिम तीरावर, कोलकात्याच्या उत्तरेस असलेल्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात अनेक दशके ॲम्बॅसॅडर मोटार तयार होत होती. मे २०१४ मध्ये ते उत्पादन थांबले. या मोटारीने बंगालमध्ये मिस्त्रींच्या पिढ्या घडविल्या. रस्त्याच्या कडेला, चार पान्यांच्या आधारे तिची दुरुस्ती होऊ शकत असे, आणि जुने सुटे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारात मिळत. ज्या वर्षी ॲम्बॅसॅडर बंद झाली त्याच वर्षी स्वस्त एएमटी आली, हा केवळ योगायोग. पण त्यात एका युगाचा बदल दिसतो. स्वयंचलित गिअरपेटीचे दुखणे कानाने ऐकून कळत नाही. ते संगणकाला विचारावे लागते. म्हणून मोटार निवडण्याआधी तिची गिअरपेटी उघडू शकणारा जाणता कारागीर आपल्या गावापासून किती दूर आहे, हे विचारून घ्यावे. ज्या मोटारीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली आहेत किंवा जिच्या कंपनीने देशातील कारखाने बंद केले आहेत, ती कितीही स्वस्त मिळाली तरी भाग मिळण्याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नये. फोर्ड कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या जुन्या मोटारींचे भाव का उतरले असतील, हे यावरून ध्यानात येईल.

पाण्यात बुडालेली मोटार

गंगेच्या मुखाजवळच्या या सखल प्रदेशात जुन्या मोटारीच्या खरेदीदाराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळाने दक्षिण बंगालला झोडपले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीच्या पावसाने कोलकात्याचे रस्ते पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक संकटानंतर भिजलेल्या मोटारी धुऊनपुसून बाजारात येतात. महाराष्ट्रातील वाचकास २६ जुलै २००५ ची आठवण करून देण्याची गरज नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि बुडालेल्या मोटारी लांबच्या गावी विकल्या जाण्याची भीती पुढे कितीतरी दिवस व्यक्त होत असे.

साध्या मोटारीपेक्षा स्वयंचलित मोटारीस पाणी अधिक घातक ठरते. गिअरपेटीला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. पाणी त्या पातळीच्या वर चढले तर ते आत शिरते आणि तेलाशी मिसळते. असे तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते. क्लचच्या अस्तरांची आणि वीजेच्या झडपांची मग हळूहळू नासाडी होते. गिअरपेटीचा संगणक भिजला तर दोष लगेच दिसत नाही. जोडण्यांवर हिरवट-पांढरी बुरशी चढत जाते आणि मोटार चार-सहा महिन्यांनी, भर रस्त्यात, दगा देते.

भिजलेली मोटार ओळखण्याच्या खुणा पुष्कळ आहेत. आसनपट्टा अगदी शेवटपर्यंत ओढून पाहावा; तळाच्या भागात चिखलाची रेषा राहिलेली असते, कारण तेवढा पट्टा कोणी धुवत नाही. आसनाखालील लोखंडी पट्ट्या, जादा चाकाची खोबण आणि पायाजवळील गालिच्याची खालची बाजू पाहावी. डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू गंजलेले आहेत काय, दिव्यांच्या काचांच्या आत वाफ धरली आहे काय, हे तपासावे. जुन्या मोटारीत अगदी नवा गालिचा आणि सुगंधी द्रव्याचा भपकारा आढळला, तर समाधान मानण्याऐवजी संशय घ्यावा.

प्रत्यक्ष पारख

मोटार पाहण्यास सकाळी जावे आणि एंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्यास कळवावे. थंड एंजिन सत्य सांगते. तापलेले एंजिन पुष्कळ दोष झाकते. पाऊस पडत असताना किंवा अंधारात मोटार पाहू नये, कारण ओल्या पत्र्यावर रंगातील फरक दिसत नाही.

प्रथम वयाचे आणि धावेचे पुरावे जुळवावेत. किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे कठीण नाही. पण ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर, सुकाणूचक्राची झळाळी आणि चालकाच्या आसनाची कड खोटे बोलत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. ‘३२१९’ याचा अर्थ २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पाच वर्षांपूर्वीची मोटार केवळ १५,००० किलोमीटर धावली असे सांगितले जात असेल आणि चारही टायर नुकतेच बदललेले असतील, तर कारण विचारावे. कंपनीच्या कार्यशाळेतील नोंदी मागाव्यात. गिअरपेटीचे तेल केव्हा बदलले याची नोंद त्यात असली, तर ती मोटार शंभरांत उठून दिसेल.

त्यानंतर गिअरपेटीकडे वळावे. ब्रेक दाबून ठेवून दांडा एकेका स्थानी न्यावा. ‘डी’ किंवा ‘आर’ मध्ये टाकल्यावर एक-दोन सेकंदांत मोटारीने हलकेच ओढ घेतली पाहिजे; ती बराच वेळ थांबून मग धाडकन् झेपावत असेल, तर आतील तेलाचा दाब कमी झाला आहे असे समजावे. (एएमटीच्या काही जुन्या मोटारी ब्रेक सोडल्यावरही आपणहून पुढे सरकत नाहीत, तो दोष नव्हे.) तेल पाहण्याची पट्टी असल्यास तेलाचा रंग व वास पाहावा. ते पारदर्शक आणि बहुधा तांबडे असते. काळपट व करपट वासाचे तेल ही गंभीर सूचना होय. पट्टी नसेल तर हे काम गॅरेजवर सोपवावे.

चालवून पाहणे किमान अर्धा तास झाले पाहिजे. गिअरपेटीचे पुष्कळसे दोष ती तापल्यावरच प्रकट होतात. म्हणून विक्रेत्याने गल्लीत मारून आणलेल्या पाच मिनिटांच्या फेरीवर विसंबू नये. आधी गर्दीतून सावकाश, मग मोकळ्या रस्त्यावर वेगाने, आणि शेवटी चढावर मोटार न्यावी. उड्डाणपुलाचा चढ या कामी उत्तम उपयोगी पडतो. गिअर बदलताना एंजिनाचा आवाज एकदम चढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच किंवा पट्टा घसरत आहे. सीव्हीटीमध्ये वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर अपशकुनी समजावी. मागे घेण्याचा गिअर उतारावरून वर चढताना तपासावा.

शेवटची पायरी संगणकाची. एप्रिल २०१३ पासून भारतातील नव्या मोटारींना एंजिनातील दोष नोंदविणारी ओबीडी-२ ही पद्धती लागू झाली. सुकाणूचक्राखालील जोडणीला यंत्र लावले की साठविलेले दोष वाचता येतात. विक्रेत्याने नुकतेच ते पुसून टाकले असतील, तर स्वयंतपासणी अपूर्ण राहिल्याचे ते यंत्र दाखविते. अशा वेळी काही दिवसांनी पुन्हा यावे. या तपासणीस दोन-चार हजार रुपये लागले तरी ते वाचवू नयेत. विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे, तर खरेदीदाराने स्वतः निवडलेला मिस्त्री सोबत असावा. तपासणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याचे त्याच क्षणी आभार मानून परत फिरावे.

जाता जाता आणखी एक नवी बाब. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या मोटारी बहुतांशी या मिश्रणासाठी घडविलेल्या नाहीत. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि त्यांचे जोड चिरले आहेत काय, हे जुन्या मोटारीत अवश्य पाहावे.

कागदपत्रांची छाननी

यंत्र निर्दोष आणि कागद सदोष असेल, तर मोटार घेऊनही ती आपली होत नाही. नोंदणीपत्रावरील चॅसिसचा व एंजिनाचा क्रमांक मोटारीवरील क्रमांकाशी स्वतः पडताळावा. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या नोंदवहीत मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे काय, विमा कोठवर चालू आहे आणि कोणते दंड थकले आहेत, हे पाहता येते. कर्ज फिटले असेल तरी बँकेच्या संमतीचा नमुना ३५ भरून बोजा नोंदीतून उतरवून घ्यावा लागतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची सूचना देणे बंधनकारक आहे. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्यासाठीचे अर्ज होत. परराज्यातील मोटार असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असते, आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ मोटार नव्या राज्यात ठेवायची तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. जुन्या मोटारींवरील निर्बंधांमुळे दिल्लीकडील मोटारी इतर राज्यांत स्वस्तात येतात. त्यांच्या किमतीत नव्या राज्याच्या कराची रक्कम मिळविल्यावर त्या खरोखर किती स्वस्त उरतात, याचा हिशेब आधी मांडावा. पश्चिम बंगालमधील काही मोटारींचा कर पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी भरलेला असतो. तो कोणत्या तारखेला संपतो हे पाहावे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले आहे. म्हणून तेरा-चौदा वर्षांची मोटार घेणाऱ्याने हा खर्च नजरेआड करू नये.

नाव न बदलता ‘सहीचे कागद’ घेऊन मोटार वापरण्याची रीत फार घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की अपघाताच्या वेळी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईस जबाबदार. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलून देण्यात स्वतःचे हित आहे. ही गोष्ट त्याला समजावून सांगितली तर टाळाटाळ थांबते. विमापत्रही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावे. विनादाव्याची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, मोटारीबरोबर येत नाही. तेव्हा विम्याचा हप्ता वाढेल हे गृहीत धरावे. व्यापाऱ्याकडून खरेदी करावयाची असल्यास त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे.

पैशाची वाटणी

अल्प अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी चूक म्हणजे हाती असलेली संपूर्ण रक्कम किमतीत घालणे. निवृत्त गृहस्थांपाशी ३,००,००० रुपये आहेत असे धरू. त्यांतील एक-पंचमांश, म्हणजे ६०,००० रुपये, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवावेत. विमा, हस्तांतर आणि तपासणी यांसाठी सुमारे २०,००० धरावेत. उरलेले २,२०,००० हीच मोटारीची खरी मर्यादा. मोटार घरी येताच सर्व तेले, गाळण्या आणि जुनी असल्यास बॅटरी बदलावी. गिअरपेटीचे तेल बदलल्याचा पुरावा नसेल तर जाणत्या कारागिराच्या सल्ल्याने तेही बदलावे.

आता त्यांच्यापुढे दोन मोटारी आल्या असे समजा. पहिली बारा वर्षांची, टॉर्क कन्व्हर्टरची, एकाच मालकाची; रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण कार्यशाळेच्या सर्व पावत्या जपून ठेवलेल्या; मागणी दोन लाखांची. दुसरी आठ वर्षांची, एएमटीची, चकचकीत, नवा गालिचा घातलेली. तिसरा मालक, विम्याच्या दाव्याचा तपशील ‘हरवलेला’. मागणी दोन लाख दहा हजारांची. चार वर्षांनी तरुण असलेली दुसरी मोटार कोणालाही स्वस्त वाटेल. परंतु वरील सर्व विवेचन ध्यानात घेतले, तर पहिल्या मोटारीबद्दल खरेदीदारास सर्व काही ठाऊक आहे आणि दुसरीबद्दल काहीच नाही, हे दिसून येईल. पहिलीच्या दाराचा पोचा डोळ्यांना खुपतो, रुग्णालयाच्या वाटेवर तो अडवीत नाही. दोन-तीन वर्षांत तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल, तेव्हा तो खर्च राखीव रकमेतून भागविता येईल. निवड पहिलीचीच झाली पाहिजे.

समजा, तपासणीत पहिलीही नापास झाली. तर खरेदी पुढे ढकलावी. लोकल रोज धावते आहे; रात्रीच्या प्रसंगासाठी ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा क्रमांक घरात लिहून ठेवता येतो. त्या ६०,००० रुपयांत कितीतरी फेऱ्या होतात. ज्याला थांबता येते त्याला भावही योग्य मिळतो आणि मोटारही. ज्याला आजच हवी असते, त्याच्या घाईची किंमत विक्रेता बरोबर वसूल करतो. जुन्या मोटारीच्या बाजारात खरेदीदाराजवळ पैसा थोडा असेल, पण नकार देण्याची मुभा त्याला शेवटपर्यंत असते. ती त्याने सहीच्या क्षणापर्यंत सोडू नये.